चौथ्या ओळीत गेलेलं नाव

हा लेख या साईटवर सगळ्यात वर आहे आणि वरच राहील. नवे लेख येतील, तरी हा खाली जाणार नाही. साईट उघडल्यावर रोज आधी माझं नाव बघायचा ज्यांना वैताग येईल त्यांनी बोटाने सरकवून पुढे जावं. मला निरोप पाठवू नयेत. लेख वर ठेवायचा निर्णय माझा नाही, आणि तो खाली घ्यायचा अधिकारही आता माझ्याकडे नाही.

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाची ही साईट मी तीन वर्षं सांभाळली. मलकापुरात मी परका. आयुष्य सांगलीत गेलं, हळदीच्या पेठेमागच्या एका छापखान्यात. मुलाने इथे घर घेतलं म्हणून उतारवयात आलो. संघात मला कुणी ओळखत नव्हतं आणि खरं सांगायचं तर तुमच्यातले बरेचसे मला आवडलेही नाहीत. कुणी अजून मुख्याध्यापकाच्या आवाजात बोलतो, कुणी अजून कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा चष्म्यावरून बघतो. मला मिरवायला काहीच नव्हतं. छापखान्यात शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर काम केलं होतं, तेवढ्यावर तुम्ही मला चिटणीस केलंत.

संघात मला ओळखणारा एकच माणूस निघाला. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. पहिल्याच बैठकीत चहाचा कप घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सांगलीला प्रेसमधी हुता न्हवं तुमी?"

"होतो."

"मग वळखलं असंल मला."

"नाही बुवा," मी म्हणालो.

"असू द्या. मी वळखलंय," म्हणाला आणि कप घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

मीही ओळखलं होतं. मान वळवायची ती पद्धत चाळीस वर्षांनीही तीच होती.

तेव्हाची गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही.

लग्नपत्रिकेचं काम म्हणजे नावं लावायचं काम. वरचा मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो, भांडण असतं ते खालच्या 'आपले विनीत'मध्ये. आमच्या भागात ती नुसती यादी नसते. मांडवात मानाचे फेटे बांधायची वेळ आली की माइक धरलेल्या माणसाच्या हातात पत्रिकाच असते आणि तो वरून खाली वाचत जातो. ज्याचं नाव वर त्याचा फेटा आधी. पहिल्या फेट्याला अख्खा मांडव बघतो, पाचव्याला वाढपीसुद्धा बघत नाहीत. म्हणून लोक आमच्याकडे येऊन एकेका ओळीसाठी तास तास बसायचे. मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो आणि त्यांची भांडणं ऐकायचो. कुठल्या घरात कुणाचं कुणाशी पटत नाही, हे मला त्या घरच्यांच्या आधी कळायचं.

हा माणूस तेव्हा साधा जवान होता. बहिणीच्या लग्नासाठी रजेवर आलेला. वडील लहानपणीच गेलेले, दोघा भावंडांना थोरल्या चुलत्याने वाढवलेलं. कागदावर त्याने नावांपुढे आकडे घालून आणले होते आणि एकचा आकडा त्या चुलत्याचा होता. चौथ्या जागी साखर कारखान्याचा एक संचालक, गावातलं वजनदार माणूस म्हणून घेतलेला.

त्या दिवशी त्याने मला तीनदा प्रूफ काढायला लावलं. तिसऱ्या वेळी माझ्याकडून खरोखरच चूक झाली. चुलत्याची ओळ दुसरी लागली. समोर चार गिऱ्हाइकं बसली होती.

"ए, वाचाय येतंय का नुसतं खिळं उचलतोस?" तो म्हणाला. "हे नाव वर म्हंजे वर. ह्या मानसानं आमाला वाढवलंय. पर तुला काय कळायचं ते? तुजं नाव असतंय का कुठल्या पत्रिकेत?"

गिऱ्हाइकं हसली. तो सहज बोलून गेला असेल. पण त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं होतं. पत्रिका मीच जुळवली होती. घरातल्या एका वादात मी बापाच्या विरुद्ध बोललो होतो, म्हणून बापाने दिलेल्या कागदात माझं नाव नव्हतं. कागदात नव्हतं म्हणून मी लावलं नाही. माझ्याच हाताने जुळवलेल्या भावाच्या पत्रिकेत मी कुठेच नव्हतो. हे त्या जवानाला माहीत असायचं कारण नव्हतं.

मी ओळ नीट केली. चौथं प्रूफ काढलं. त्याने बोट ठेवून एकेक नाव वाचलं, खाली सही केली, 'बरोबर, छापा' लिहिलं आणि गेला.

दुपारी मालक जेवायला गेले तेव्हा मी मशीनवर चढवायच्या आधी जुळवलेल्या खिळ्यांना बांधलेला दोरा सोडला आणि पहिली ओळ चौथ्या जागी, चौथी पहिल्या जागी बसवली. दोन मिनिटांचं काम. सही केलेलं प्रूफ चहाच्या शेगडीत घातलं. पुढे काय होईल ते मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला ते नेमकं ठाऊक होतं. माझा धंदाच तो होता.

पत्रिकांचे गठ्ठे लग्नाच्या जेमतेम आठवडाभर आधी गावात पोचले. सही करून दिलेलं पुन्हा कुणी वाचत नाही. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं आणि घरच्यांनीच तसं ठरवलं असेल असं समजून गप्प राहिले. चुलत्याला अक्षरओळख नव्हती. त्याला मांडवातच कळलं; पुढचं मला त्याच्या गावच्या गिऱ्हाइकांनी सांगितलं. पहिला पुकारा संचालकाचा झाला. चौथ्याला स्वतःचं नाव आल्यावर तो उठला, पुतण्याच्या हातातून फेट्याचं कापड घेतलं, परत त्याच्याच हातावर ठेवलं आणि म्हणाला, "बांध त्या संचालकालाच दुसरा." बायको आणि पोरगा घेऊन न जेवता निघून गेला. ते घर नंतर कायमचं तुटलं. काही वर्षांनी चुलता वारला तेव्हा पुतण्याला मातीलाही येऊ दिलं नाही.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तो प्रेसमध्ये आला. त्या वेळी ओरडला नाही.

"माजा कागद दाखवा."

"छापून झालं, खिळे सोडले की कागद टाकून देतो आम्ही."

"सही केल्यालं प्रूफ?"

"तेही गेलं. तुमच्या कागदात होतं तसंच लागलंय."

मालकाने माझीच बाजू घेतली. छापखान्याची अब्रू होती. तो तसाच निघाला आणि दुसऱ्या दिवशी पलटणीत परत गेला.

आता साईटचं सांगतो.

साईट माझ्या सुनेने बनवली. ती घरी बसून कंपन्यांच्या वेबसाईटची कामं करते. तिने एक तयार फ्रेमवर्क घेतलं, म्हणजे साईटचा सांगाडा, आणि मला त्यात लेख कसे घालायचे ते शिकवलं. प्रत्येक लेखाची एक फाइल. फाइलच्या डोक्यावर तीन ओळी: शीर्षक, लेखक, तारीख. त्याखाली मजकूर. पहिल्या पानावर लेखांची जी यादी दिसते ती हाताने लावायची नसते. यादी कशी लावायची हे तिने एका ठिकाणी एकदाच लिहून ठेवलं होतं: तारीख बघ, नवी तारीख वर, जुनी खाली, दहा लेख झाले की पुढचं पान.

तुम्हा लोकांना ते कधीच पटलं नाही. आपल्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यांची कविता दुसऱ्या पानावर गेली म्हणून माझ्याशी दोन महिने अबोला धरला. दुसऱ्या एकाने विचारलं, वयाप्रमाणे लावता येत नाही का. तिसऱ्याचं म्हणणं हुद्द्याप्रमाणे. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो: मशीन तारखेने लावतं, माझ्या हातात काही नाही. हे उत्तर द्यायला मला आवडायचं. मोठमोठी माणसं माझ्या टेबलापुढे गप्प व्हायची.

माझ्या हातात होतं. ते मला फजितीतून कळलं. प्रेसमधल्या दिवसांवर मी स्वतः एक लेख लिहिला होता आणि तो आठवड्यातच खाली गेला. मी फाइल उघडून त्याला पुढच्या वर्षाची तारीख दिली, म्हणजे कायम वर राहील. लेख साईटवरून नाहीसाच झाला. मी घाबरून सुनेला हाक मारली.

"मामा, तारीख उजाडल्याशिवाय ते छापणार नाही," ती हसत म्हणाली. "उद्याचा पेपर आज कुठं मिळतो?"

तिने तारीख पूर्ववत केली. तिला वाटलं माझा हात चुकला. पण तारीख ही हाताने फिरवायची वस्तू आहे हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढे संघाच्या सहलीची सूचना महिनाभर वर ठेवायची होती, तेव्हा तिने आणखी एक सोय केली. फाइलच्या डोक्यावर 'क्रम' अशी चौथी ओळ. तिथे एक हा आकडा घातला की तो लेख तारखेला न जुमानता सगळ्यात वर. आकडा नसलेले बाकीचे नेहमीसारखे तारखेने. सहल झाली, सूचना काढली. मी तो एकचा आकडा माझ्या प्रेसच्या लेखाला लावून टाकला. कुणी विचारलं तर मशीन होतंच.

त्या लेखात मी काय लिहिलं होतं ते इथे सांगणं भाग आहे. लिहिलं होतं की तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कागदाबाहेर एक नाव इकडचं तिकडे केलं नाही. पुढे फोडणी म्हणून असंही लिहिलं होतं की एकदा एक फौजी भांडायला आला, तेव्हा त्याचाच कागद त्याच्यापुढे धरला आणि तो मान खाली घालून गेला. असं काही घडलंच नव्हतं. इतकी वर्षं मनात ते तसं सांगत आलो होतो, म्हणून लिहिताना हात थांबला नाही.

गेल्या वर्षी सुभेदाराने संघाच्या बैठकीत आपला लेख वाचला. वहीची पाच पानं, शाईने लिहिलेली. बहिणीच्या लग्नातला पहिला फेटा, हाच विषय. आईच्या पश्चात ट्रंकेत त्याची जुनी डायरी सापडली होती, तिच्यात पत्रिकेच्या कागदाची नक्कल होती, आकड्यांसकट. एकचा आकडा चुलत्याचा. त्याने कुणावर आरोप केला नव्हता. एवढंच लिहिलं होतं: 'छापखान्यात चूक झाली की कुणी केली, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. पण मी लिहिताना तात्यांचं नाव वर लिहिलं होतं.' चुलत्याला तो तात्या म्हणायचा.

लेख कशासाठी, हे त्याने उभं राहून सांगितलं. नातीचं लग्न ठरलं होतं. तात्यांचा मुलगा, याचा चुलतभाऊ, तासगावला असतो, द्राक्षबाग आहे. याचा फोन तो घेत नाही, दारात उभं करत नाही. पण मोबाइलवर वाचतो. लेख वाचून तो लग्नाला यावा आणि पहिला फेटा त्याला बांधावा, एवढीच इच्छा.

"त्यो काय शोधत बसायचा न्हाई," सुभेदार म्हणाला. "उघडलं की म्होरंच दिसाय पायजे. वर येईल न्हवं?"

सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "नवं ते वर."

त्याच दिवशी त्याने बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याकरवी त्या भावाला निरोप दिला की आमच्या संघाच्या साईटवर आठवडाभरात जो पहिला लेख दिसेल तो वाच, मग काय ते ठरव.

मी लेख टाईप केला. 'छापणाऱ्यालाच ठाऊक' ही ओळसुद्धा मीच टाईप केली, एक अक्षर न चुकवता. मग तारखेच्या ओळीवर आलो आणि त्याच्या बहिणीच्या लग्नाची तारीख घातली, लेखात दिलेलीच. कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: गोष्ट तेव्हाची, म्हणून तारीख तेव्हाची. संघाच्या जुन्या वार्षिकांतले लेखही आपण साईटवर घातले आहेत. त्या सगळ्यांच्या खाली, शेवटच्या पानावर, शेवटचा म्हणून तो लेख जाऊन बसला. सगळ्यात वर माझा होता.

तासगावहून निरोप आला तो त्याच व्यापाऱ्याकरवी. सुभेदार वाचनालयात आला, मी पेपर वाचत होतो, आणखी तीन-चार जण होते.

"आमच्या भावाचा निरोप आलाय, प्रेसवालं. ऐकता का?"

"सांगा की."

"म्हनतोय, वाचला लेख. प्रेसवाल्यानं सोताच लिवलंय की गिऱ्हाइकाच्या कागदाभाईर नाव लावत न्हवतो. फौजी आला हुता आन् मान खाली घालून गेला. म्हंजे कागद तुजाच. ह्येच वाचाय धाडलंस व्हय मला?"

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वर तुमचा लेख हुता. आमचा कुठं हाय?"

"शेवटच्या पानावर," मी म्हणालो. "मशीन तारखेनं लावतं. तुमची गोष्टच जुनी पडली."

"मशीनचं नाव नगा सांगू. तवा कागदाचं नाव सांगितलं हुतं." त्याने टेबलावरचा माझा चष्मा उचलला, बघितल्यासारखं केलं आणि परत ठेवला. "दोन येळा तुमच्या हातात गेलो गड्या. दोन्ही येळा खाली."

मी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. हे तुमच्यापैकी चौघांनी पाहिलं आहे. त्यातल्या एकाने नंतर मला सांगितलं, सुभेदाराचं वय झालंय, मनावर घेऊ नका. मी हो म्हणालो.

त्यानंतरही लेख वर घेता आला असता. मोजून दोन ओळींचं काम होतं. मी केलं नाही. आता वर घेतला तर आधी खाली का होता हे विचारतील, अशी भीती. आणि थोडा रागही, जो कधीच गेला नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वीच्या एका वाक्याचा राग धरावा हे हास्यास्पद आहे. पण होता.

नातीचं लग्न कराडच्या बाजूच्या एका कार्यालयात झालं. संघातले आपण सगळेच होतो. फेटे बांधायची वेळ आली. माइकवर पहिलं नाव तासगावच्या चुलतभावाचं पुकारलं. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. सुभेदार फेट्याचं कापड दोन्ही हातांवर घेऊन मंचाच्या पायरीशी उभा होता. तिसऱ्यांदा पुकारू नको अशी खूण त्याने स्वतःच केली आणि ते कापड एका रिकाम्या खुर्चीवर ठेवलं.

दुसरं नाव झालं, तिसरं झालं. चौथं नाव माझं होतं. 'संघाचे चिटणीस' असं नाही, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मला पत्रिका फोनवर आली होती, ती मी शेवटपर्यंत वाचली नव्हती. मी उठून गेलो. न जाऊन करतो काय, अख्खा मांडव बघत होता. फेटा त्याने स्वतःच्या हाताने बांधला. पीळ घट्ट आवळला आणि कानाशी म्हणाला, "पत्रिकेत नाव आलं बगा तुमचं. चवथं."

तेव्हा मला कळलं की प्रेसमध्ये आपण काय बोललो होतो हे त्याला अजून आठवत होतं.

मी फेटा घालूनच जेवलो. काढता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. लग्नात बायकांच्यात त्या लेखाचं बोलणं झालं होतं, म्हणून तिने तो शोधून वाचला होता.

"मामा, सुभेदारांच्या लेखाला ही तारीख कुणी घातली?"

"गोष्ट तेव्हाची आहे ना."

"गोष्ट तेव्हाची. लेख गेल्या वर्षीचा. आणि तुमच्या लेखाला क्रम एक?"

"मशीनने काही तरी–"

"मामा, मला नका हो मशीन सांगू." तिने पडदा माझ्याकडे फिरवला. साईटवर केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद तिथे होती. कुठली ओळ, आधी काय, नंतर काय, कुणाच्या नावाने, किती वाजता. माझ्या लेखाचा एकचा आकडा, सुभेदाराच्या लेखाची तारीख, पुढच्या वर्षाची ती फजितीची तारीखसुद्धा. मला हे ठाऊकच नव्हतं. प्रेसमध्ये प्रूफ जाळलं की संपायचं.

"हे पुसता येतं का?" मी विचारलं.

त्या प्रश्नानंतर ती माझ्याकडे जशी बघायला लागली, ती अजून तशीच बघते. लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "मी आपण होऊन कुणाला सांगायला जाणार नाही. पण त्यांनी मला विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

तीन दिवसांनी मी सुभेदाराच्या घरी गेलो. तो अंगणात शिडीवर चढून लग्नाच्या लायटिंगच्या माळा उतरवत होता. खाली उतरला नाही, बस म्हणाला नाही. मी खाली उभा राहून, मान वर करून सगळं सांगितलं. दुपारी ओळी कशा बदलल्या, प्रूफ कसं जाळलं, साईटची तारीख, एकचा आकडा. सांगताना भावाच्या पत्रिकेचंही बोलायला लागलो.

"ते नगं," तो म्हणाला. "ते तुज्याजवळ ठेव."

चाळीस वर्षांनी तो पुन्हा एकेरीवर आला. मला ते बरोबर वाटलं. त्याने हातातली माळ गुंडाळून शिडीच्या टोकाला अडकवली.

"तात्या मेलं तवा मी दोन दिवस गाडीत बसून आलो हुतो. आडवलं मला येशीवर. ह्याच भावानं. तवा तू काय करत हुतास?"

"प्रेसमध्ये असेन."

"व्हय. पत्रिका जुळवत असशील."

मी म्हणालो की आजच लेख वर घेतो. तारीख बदलतो, क्रम एक देतो, पहिल्या पानावर पहिला.

"कुनाचा?"

"तुमचा."

"माजा कशाला? माज्या लिवन्यावर त्यानं इस्वास ठिवला असता तर शेवटच्या पानावरनं बी ठिवला असता. डायरी काय, कोनबी मागनं लिवंल." मग तो खाली उतरला. जवळ आला नाही, शिडीला धरून उभा राहिला. "तू लिव. सगळं. आन् तुजं वर लाव. तुला वर ऱ्हायची लय हौस हाय न्हवं? ऱ्हा मग वर. मी हाय तवर, आन् मी मेल्यावर बी."

मी हो म्हणालो.

"आन् ते आकड्याचं काम तू करायचं न्हाई. सुनंला सांग."

हा लेख सुनेने लावला. क्रम एक तिने घातला आणि साईटची चावी, म्हणजे पासवर्ड, बदलला. तो मला सांगितलेला नाही. माझा प्रेसचा लेख काढून टाकायचा होता, पण ती म्हणाली, राहू द्या, लोकांनी दोन्ही वाचू दे. तो दुसऱ्या पानावर आहे. सुभेदाराचा लेख खऱ्या तारखेने आता जिथे असायला हवा तिथे आहे. चिटणीसपद मी सोडलं आहे. मुख्याध्यापकांनी आपल्या कवितेचं आता सुनेला विचारावं. ती माझ्याएवढी नम्र नाही.

तुमच्यातल्या काहींनी, लेख लागायच्या आधीच कानावर गेलं म्हणून, मला सुचवलं की एवढं जुनं उकरून काय होणार, दोन्ही माणसं म्हातारी झाली. ज्यांनी हे सुचवलं त्यांच्यापैकी एकालाही कुणी वेशीवर अडवलेलं नाही.

यापुढचा मजकूर लेख लागल्यावर चार दिवसांनी, सुनेकडून, जोडून घेतला आहे.

तासगावहून मला फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता. त्याने नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आधी त्याने मला शिव्या दिल्या, सावकाश, मोजून घातल्यासारख्या. मग विचारलं, "सही केल्याल्या कागदावर नावं कशी हुती? वरनं खाली सांग."

मी सांगितली. इतक्या वर्षांनीही मला चारही ओळी पाठ होत्या.

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, तो कुणी तरी बंद केला.

"हे लिवलं न्हाईस तू," तो म्हणाला. "बाकी समदं सोताचं लिवलंस. हे लिव." आणि फोन ठेवला.

त्याने पुढे सुभेदाराला फोन केला की नाही मला माहीत नाही. सुभेदार वाचनालयात येतो, माझ्याशी बोलत नाही, आणि मी विचारणार नाही.

सही झालेल्या, मी जाळलेल्या प्रुफात 'आपले विनीत'खाली नावं या क्रमाने होती. पहिलं, मुलीचे थोरले चुलते. दुसरं, मुलीचे मामा. तिसरं, मुलीचा भाऊ, जो तेव्हा फौजेत जवान होता. चौथं, संचालक.